करहकटाचे दान

आषाढातील पावसात कलकत्ता शहराची जी अवस्था होते, ती येथे दोनचार पावसाळे काढल्यावाचून कळावयाची नाही. आपल्याकडील पाऊस डोंगराच्या अंगाने येतो आणि पडून झाला की ओढ्यानाल्यांची वाट धरून निघून जातो. येथील भूमीस उतार असा नाहीच. आकाशातून उतरलेले पाणी रस्त्यावरच मुक्काम ठोकते, ट्रामगाड्या जागच्या जागी उभ्या राहतात, आणि माणसाने ओढावयाची रिक्षा, जी इतर दिवशी डोळ्यांस पाहवत नाही, तीच गुडघाभर पाण्यातून जाणारे एकमेव वाहन ठरते. (शहराचे नाव २००१ सालापासून कोलकाता असे झाले आहे व कचेरीत आम्हीही तसेच लिहितो, पण लहानपणी भूगोलात पाठ केलेले कलकत्ता जिभेवरून उतरत नाही, त्यास वाचकांनी क्षमा करावी.)

गेल्या आषाढात आमची एक सुट्टी अशा पावसात सापडली. केंद्र सरकारच्या नोकरीत आम्ही कारकून आहोत, आणि बदलीच्या हुकुमाने या शहरी येऊन आम्हांस हे चौथे वर्ष. रुजू झालो त्या दिवशी एका वयस्क बंगाली सहकाऱ्यांनी आमचे नावगाव विचारून घेतले आणि सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, “बर्गी आले हो, बर्गी!” सारी कचेरी हसली, आम्हीही हसलो. बंगाली घरांत मुलास निजवताना जी अंगाई म्हणतात तीत बर्गी येतात. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांचे घोडदळ बंगालात उतरले, आणि पुढील आठ-नऊ वर्षे या प्रांताने जे भोगले ते अंगाईत शिल्लक राहिले. कलकत्त्याच्या रहिवाशांनी तेव्हा शहराभोवती खंदक खणावयास घेतला. मराठे शहरापर्यंत आले नाहीत व खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड बांधला गेला. आज त्या रस्त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस व आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची नावे आहेत, पण जुन्या पुस्तकांतून ‘मराठा डिच’ अद्याप गेलेला नाही. शाळेत आम्ही मराठ्यांची बंगालवरील स्वारी दोन ओळींत शिकलो होतो. त्या दोन ओळींची दुसरी बाजू कळावयास येथे यावे लागले.

असो. त्या दिवशी आमचा बेत नदीपलीकडे बेलूर मठास जाण्याचा होता. पावसाने तो मोडला. तेव्हा घरभर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांखाली दिवस काढण्यापेक्षा छपराखालीच पण दुसऱ्या छपराखाली बसावे, असे आम्ही उभयतांनी ठरविले आणि काळीघाटाहून भुयारी रेल्वेने पार्क स्ट्रीटला उतरलो. जमिनीवर पाणी साचले असता जमिनीच्या पोटातून कोरड्या पायांनी प्रवास करावयाचा, ही गंमत या शहराने १९८४ सालीच, देशात सर्वांच्या आधी, करून दाखविली. स्थानकातून वर आलो तो चौरंगीवर पुन्हा तेच पाणी. पण येथून वस्तुसंग्रहालय चार पावलांवर.

बंगाली लोक त्याला ‘जादूघर’ म्हणतात. आपल्याकडील जुन्या ‘अजबखान्या’चाच हा भाऊ. विद्येच्या घरास जादूचे घर म्हणावे हे पंडितांस रुचत नसेल; आम्हांस मात्र त्यात जनतेची बरीच समज दिसते. या घराचा आरंभही तसा नवलाचा आहे. नॅथॅनिएल वॉलिच नावाचा एक डॅनिश वैद्य सेरामपूरच्या डॅनिश वसाहतीत होता. युरोपातील लढायांचे पडसाद म्हणून इंग्रजांनी ती वसाहत घेतली तेव्हा तो कैदी झाला, आणि वनस्पतिशास्त्रातील त्याच्या ज्ञानामुळे सुटला. त्याने १८१४ साली एशियाटिक सोसायटीस लिहिले की, संस्थेने एक संग्रहालय काढावे. आपल्या संग्रहातील काही वस्तू आपण देऊ व बिनपगारी देखरेखही करू. सोसायटीने ते मानले. कैदी म्हणून या राज्याच्या हाती सापडलेल्या माणसाने आशियातील एका फार जुन्या संग्रहालयाचा पाया घातला. संग्रह वाढत गेला, सोसायटीचे घर अपुरे पडले, १८६६ साली कायदा झाला, आणि वॉल्टर ग्रॅनव्हिल या स्थापत्यकाराने उभी केलेली चौरंगीवरील ही प्रशस्त वास्तू १८७८ साली लोकांस खुली झाली. मधोमध मोकळे अंगण, चहूंबाजूंनी पांढऱ्या खांबांच्या ओवऱ्या. अंगणातल्या हिरवळीवर पाऊस कोसळत होता आणि ओवरीत शेकडो माणसे ओल्या छत्र्या मिटून उभी होती. निम्मी आमच्यासारखीच पावसास चुकवून आलेली असावीत. मुलांचा लोंढा मिसरी ‘ममी’च्या दिशेने चालला होता. तो सोडून आम्ही तळमजल्यावरील भारहुतच्या दालनात शिरलो.

या दालनाविषयी आम्ही पूर्वी वाचले होते. तरी आत पाऊल टाकताच बोलणे थांबले. तांबड्या दगडाचा, पुरुषभर उंचीच्याही वर जाणारा कठडा, आणि त्यात उभे असलेले पूर्वद्वाराचे तोरण. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास हा कठडा एका स्तूपाभोवती उभा राहिला. बुद्धाची मूर्ती घडविण्याची रीत तेव्हा नव्हती. जेथे तो असावयाचा तेथे वृक्ष आहे, आसन आहे, चक्र आहे, पावलांचे ठसे आहेत. भोवतीचे लोक हात जोडून उभे आहेत, आणि ज्याला हात जोडले ती जागा रिकामी. यक्ष-यक्षिणी मात्र सदेह उभ्या आहेत, व प्रत्येकीचे नाव शेजारी कोरलेले आहे. एका वर्तुळात मायादेवी निजली आहे आणि स्वप्नातला हत्ती वरून उतरत आहे. दुसऱ्या एकात वानरांची टोळी एका धिप्पाड माणसाचा दात उपटीत आहे. सांडशीचे टोक दोरीने हत्तीस बांधले आहे. त्या वर्तुळापुढे मुलांची जी गर्दी होती ती पाहून आम्हांस त्या अनाम पाथरवटाचा हेवा वाटला. दोन हजार वर्षे जुना विनोद समजावून सांगावा लागत नाही, हे भाग्य थोडक्यांचे.

आम्ही फार वेळ थांबलो ते जेतवनाच्या वर्तुळापाशी. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने बुद्धासाठी राजपुत्र जेताचे उपवन विकत घेतले. किंमत ठरली होती ती अशी की, जेवढी जमीन नाण्यांनी झाकेल तेवढी त्याची. शिल्पात बैल सोडलेली गाडी आहे, गाडीतून नाणी उतरविणारा माणूस आहे, खाली बसून चौकोनी नाणी एकाला एक भिडवून मांडणारे दोघे आहेत, आणि मध्ये हाती झारी घेतलेला स्वतः अनाथपिंडिक. झारी कशाला, हे परदेशी माणसास टीप वाचूनच समजेल. आपल्याकडे दानावर उदक सोडतात, हे ज्याने कन्यादान पाहिले आहे त्यास सांगावयास नको. आमच्या सौभाग्यवतींनी ती झारी पाहताच म्हटले, “अहो, हे तर उदक सोडताहेत.” त्या एका वाक्याने मधली बावीस शतके बाजूस सरली.

हे दगड येथे कसे आले ही हकीगत सांगण्यासारखी आहे, आणि तीत वादही आहे. भारहुत हे गाव आजच्या मध्य प्रदेशात, सतना जिल्ह्यात. उज्जयिनी-विदिशेकडून पाटलिपुत्राकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर ते पडत असे. १८७३ सालच्या नोव्हेंबरात पुराणवस्तू खात्याचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम तेथून जात असता त्यांच्या दृष्टीस जमिनीतून डोकावणारे खांब पडले. पुढल्या वर्षी त्यांनी व त्यांचे साहाय्यक बेगलर यांनी खोदकाम केले. स्तूप जवळजवळ नाहीसाच झाला होता. आसपासच्या गावांनी पिढ्यान् पिढ्या त्याच्या विटा व दगड घरांसाठी नेले होते. बटनमारा या शेजारच्या गावी तर कठड्याचे खांब इमारतींत बसविलेले सापडले. कठड्याचे मूळचे ऐंशीच्या आसपास खांब. त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक हाती लागले, ते बहुतेक मातीखाली गाडले गेले होते म्हणून. ती भूमी नागोद संस्थानची. संस्थानिकांच्या संमतीने कनिंगहॅम यांनी शिल्पे कलकत्त्यास पाठविली.

यावर तेव्हाच टीका झाली. पाली कोशाचे कर्ते रॉबर्ट चिल्डर्स यांनी, या हलवाहलवीस विध्वंसाचा वास येतो, असा आक्षेप घेतला. इंग्लंडातील पुरातन शिळावर्तुळे कोणी गाडीत घालून नेली तर चालेल काय, असा त्यांचा रोख होता. कनिंगहॅम यांनी आपल्या १८७९ सालच्या ग्रंथात त्याला उत्तर दिले. त्याचे तात्पर्य असे की, वास येत असेल तर तो आपण पत्करतो. कारण जे दगड मागे राहिले ते लोकांनी एव्हाना नेले आहेत. या माणसाच्या शब्दाला वजन आहे, पण स्वतःचा संग्रह मात्र त्याने मायदेशी धाडला, आणि तो ज्या ‘इंडस’ बोटीवर होता ती १८८५ साली सिलोनच्या किनाऱ्याजवळ बुडाली. त्या संग्रहातील मूर्ती आज समुद्राच्या तळाशी आहेत. भारहुतचा कठडा बोटीवर चढला नाही, एवढ्यासाठी तरी कलकत्त्याचे आभार मानले पाहिजेत.

आमचे मत विचाराल तर ते एका बाजूस पडत नाही. दगड नेणारे गावकरी दुष्ट नव्हते. स्तूपाकडे येणारे भिक्षू जाऊन शतके लोटली होती, पडक्या भिंतीची विचारपूस करणारे कोणी नव्हते, आणि पावसाळ्यापूर्वी घर उभे करावयाचे असे. आमच्या आजोळच्या गावी पडक्या गढीचे दगड ज्या सहजतेने गोठ्यांना लागले, ती आम्ही पाहिली आहे. दुसरीकडे, भारहुतला आज जाणाऱ्या माणसास पायाच्या खुणेवाचून फारसे काही दिसत नाही हेही खरे. तेथील आणखी शिल्पे पुढे अलाहाबादच्या संग्रहालयात गेली. म्हणजे ज्या गावाने हे सारे सांभाळले, किंवा सांभाळले नाही, त्या गावाच्या वाट्यास नाव तेवढे उरले. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्याला या दगडांविषयी थोडी जवळीक वाटल्यास नवल नाही. त्यांनाही कोणी विचारले नव्हते. जावक बारनिशीत नोंद झाली, गाडी भरली, आणि ते येथे येऊन उभे राहिले.

पण आम्ही खरोखर ज्यासाठी आलो होतो ती गोष्ट शिल्पांत नव्हती, अक्षरांत होती. पदवीसाठी आम्ही पाली हा विषय घेतला होता. कचेरीत त्याचा उपयोग आजवर कोणी करू दिलेला नाही. मात्र त्या निमित्ताने ब्राह्मी लिपी थोडी डोळ्यांखालून गेली होती. भारहुतच्या कठड्यावर दोनशेंहून अधिक लहान लेख आहेत. तोरणावर शुंगांच्या राज्यात ते उभारणाऱ्या धनभूती राजाचा लेख आहे, तो चार ओळींचा. बाकीचे बहुतेक एकेका ओळीचे, आणि त्यांत राजा नाही. अमक्या गावच्या अमक्याचा खांब, दान. अमक्याच्या भार्येचे दान. अमक्या भिक्षुणीची आडवी पट्टी, दान. नाव, गाव, नाते, वस्तू: आमच्या धंद्यातल्या माणसास या नोंदीची घडण ओळखीची वाटते. कोणीतरी यादी केली असेल, कोणीतरी ती पाथरवटास वाचून दाखविली असेल, आणि एखादे नाव राहून गेले म्हणून तक्रारही झाली असेल. आपल्या देवळांतल्या विजेच्या पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावे असतात व पंखा सुरू झाला की ती दिसेनाशी होतात; येथे ती दगडात आहेत एवढाच फरक.

या लेखांच्या वाचनाला नव्वद वर्षे लागली म्हटले तरी चालेल. कनिंगहॅम यांच्यामागून हुल्ट्श यांनी ते तपासले; १९२६ साली कलकत्ता विद्यापीठाचे वेणीमाधव बरुआ यांनी कुमार गंगानंद सिंह यांच्यासह त्यांचा ग्रंथ केला; जर्मन पंडित हाइनरिख ल्यूडर्स यांनी त्यांवर अनेक वर्षे काम केले व ते अपुरे ठेवून १९४३ साली ते वारले. ते काम पुरे करून १९६३ साली प्रसिद्ध केले दोघांनी: एक गॉटिंगेनचे वाल्डश्मिट, आणि दुसरे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मधुकर अनंत मेहेंदळे. हा जाडजूड ग्रंथ आम्ही अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून चाळला. दात्यांची गावे पाहू लागलो. विदिशा आहे, पाटलिपुत्र आहे, ते अपेक्षितच. मग नासिक आले. नासिकची गोरक्षिता, वसुकाची भार्या, हिचा खांब. मग भोजकट, जे विद्वान वऱ्हाडात धरतात; तेथील एक भिक्षुणी. आणि मग करहकट, एकदा नव्हे, अनेकदा. करहकट म्हणजे कऱ्हाड. त्यातील एका लेखात दाता कोणी एक माणूस नाहीच: ‘करहकट-निगमस दान’. निगम म्हणजे व्यापाऱ्यांची पेठ, बाजाराचे गाव. कऱ्हाडच्या पेठेने मिळून दिलेले दान.

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर कऱ्हाडचे. कृष्णा-कोयनेच्या संगमावर त्यांचे बालपण गेले, आणि गावाजवळच्या आगाशिवाच्या डोंगरातील बौद्ध लेण्यांत शाळेच्या सहली गेल्या. ग्रंथालयातून परतल्यावर ही बातमी आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितली होती, पण भाजी निवडताना ऐकलेल्या बातमीचे जे होते तेच तिचे झाले होते. आता त्या कठड्यासमोर उभ्या होत्या. “कुठे आहे?” त्यांनी विचारले.

ते आम्हांस ठाऊक नव्हते. ग्रंथात लेखांना क्रमांक असतात. दगडांवर ते नसतात. तेव्हा आम्ही एक युक्ती काढली. ब्राह्मीतील ‘क’ अगदी सोपा, अंकगणितातल्या अधिकच्या चिन्हासारखा. करहकट शब्दात दोन ‘क’. तर आधी एक अधिक, मग दोन अक्षरे सोडून पुन्हा एक अधिक, असे जेथे दिसेल तेथे हाक मारावयाची. आम्ही एका टोकाकडून निघालो, त्या दुसऱ्या टोकाकडून. अर्धा-पाऊण तास हे चालले. पहारेकऱ्यास आमचा संशय आला असावा, त्याने जवळ येऊन “की खुँजछेन?” म्हणून विचारले. काय शोधता? आम्ही तुटक्या बंगालीत सांगितले की, बायकोचे माहेर शोधतो आहोत. तो आमच्याकडे थोडा वेळ पाहत राहिला आणि मग, आश्चर्य हे की, तोही खांबांच्या अक्षरांकडे पाहू लागला.

हाक आली ती सौभाग्यवतींची. एका खांबावर झिजलेली ओळ होती. तीत दोन अधिक होते आणि मध्ये दोन अक्षरे. दुसरे ‘ह’ असावे. पुढचा भाग आम्हांस लागला नाही. ते तेच, असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. पंडितांनी आमच्यावर विसंबू नये. पण त्यांनी हात पुढे केला आणि ‘स्पर्श करू नये’ ही पाटी पाहून मागे घेतला, आणि पहारेकऱ्याने त्या क्षणी दुसरीकडे तोंड फिरविले होते, एवढे आम्ही सांगू शकतो.

कऱ्हाडपासून भारहुत, सरळ रेषेत मोजले तरी, हजार किलोमीटरांच्या वर आहे. दगड तर भारहुतच्याच बाजूचा, म्हणजे तिकडून आला तो पैसा. पेठेत बसून कोणी वर्गणी गोळा केली, ती कोणा सार्थवाहाच्या हाती दिली, आणि तो नासिकवरून, विदिशेवरून, महिनोन् महिने चालत तेथे पोहोचला. ती रक्कम पोहोचली याची पावती म्हणजे तो लेख. ज्यांनी दिले त्यांतील किती जणांनी तो स्तूप पाहिला असेल? तोरणाच्या काही भागांवर कारागिरांच्या खुणा खरोष्ठी लिपीत आहेत. म्हणजे पाथरवटांतील काही पार वायव्येकडून आले होते. मराठी मुलखाची पूर्वेकडल्या देशांशी ओळख भास्कररामाच्या घोड्यांनी झाली, असे बंगालीही समजतात आणि, खरे सांगावयाचे तर, आम्हीही समजत होतो. या ओळखीच्या आधी एक ओळख होऊन गेली होती, आणि तीत आपण घेणारे नसून देणारे होतो. उद्या कचेरीत ‘बर्गी’ म्हणून हाक आली तर सांगावयास आमच्याजवळ एक खांब होता.

वरच्या मजल्यावरील चित्रांच्या दालनांतून आम्ही घाईनेच गेलो. पण शेजारच्या सरकारी चित्रशाळेची एक हकीगत येथे सांगितली पाहिजे. ई. बी. हॅवेल १८९६ साली तिचे प्रमुख होऊन आले. चित्रशाळेच्या संग्रहात युरोपीय चित्रांचा भरणा होता. हॅवेल यांनी ती चित्रे हळूहळू मोडीत काढून त्यांच्या जागी मोगल व इतर भारतीय चित्रे आणली. यावर चिडले ते भारतीय विद्यार्थीच. साहेब आपल्याला खऱ्या, म्हणजे विलायती, कलेपासून दूर ठेवतो आहे, असे त्यांना वाटले, आणि रणदाप्रसाद गुप्त यांच्या पुढाकाराने काही जणांनी बाहेर पडून वेगळी शाळा काढली. आज आपण हॅवेलना द्रष्टे म्हणतो. तरी त्या मुलांचा राग समजण्यासारखा आहे. कोणती चित्रे पाहावयाची हे दोन्ही वेळा साहेबानेच ठरविले होते. त्याच हॅवेलनी १९०५ साली अवनींद्रनाथ ठाकूर यांना चित्रशाळेचे उपप्रमुख केले.

पाऊस थोडा उणावला होता. चौरंगीच्या कमानींखाली उभ्याउभ्या झालमुरीच्या पुड्या संपवून आम्ही भुयारी रेल्वेने एकच स्थानक, मैदानपर्यंत गेलो व तेथून छत्री सावरीत व्हिक्टोरिया मेमोरियलकडे चालू लागलो. मकराण्याच्या संगमरवराची ती वास्तू पावसात फिकट राखाडी दिसते. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांच्या दृष्टीस पडू नये म्हणून तिला काळा लेप दिला होता असे सांगतात. त्या दिवशी आकाशाने तेच काम केले होते.

या इमारतीचा इतिहास तारखांनीच बोलतो. राणी व्हिक्टोरिया १९०१ सालच्या जानेवारीत वारली. पुढच्याच महिन्यात लॉर्ड कर्झननी स्मारकाची कल्पना मांडली. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ नुकताच सरला होता. खर्च एक कोटी पाच लाखांच्या घरात गेला, आणि तो संस्थानिकांच्या व प्रजेच्या वर्गणीतून उभा राहिला. कर्झननी १९०५ सालच्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी अमलात आणली, नोव्हेंबरात ते देश सोडून गेले, आणि ४ जानेवारी १९०६ रोजी युवराजांनी कोनशिला बसविली. म्हणजे गावात विलायती कापडाच्या होळ्या होत असताना. १९११ साली राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाली. स्मारक पुरे होऊन २८ डिसेंबर १९२१ रोजी उघडले तेव्हा कलकत्ता राजधानी नव्हते, असहकाराची चळवळ ऐन भरात होती, आणि देशबंधू चित्तरंजन दास त्याच महिन्यात पकडले गेले होते. इतक्या उशिरा पोहोचलेली इमारत दुसरी नसेल.

आत डॅनियल काका-पुतण्यांची भारतचित्रे आहेत, ती पाहण्यासारखीच. व्हेरेश्चागिन या रशियन चित्रकाराचे एक भिंतभर चित्र आहे: १८७६ साली जयपुरात निघालेली युवराजांची मिरवणूक, झुली घातलेल्या हत्तींची रांग. युद्धाची भयाणता रंगविण्यासाठी जगात गाजलेल्या या माणसाने ती मिरवणूकही रंगविली, आणि १९०४ साली पोर्ट आर्थर येथे युद्धनौकेबरोबर तो बुडाला. आम्हांस मात्र एक लहानसे चित्र पाहावयाचे होते. स्वदेशीच्या त्या वर्षी, १९०५ साली, अवनींद्रनाथांनी ‘भारतमाता’ रंगविली: भगवी वस्त्रे, चार हात, हातांत अन्न, वस्त्र, विद्या आणि जपमाळ. कर्झनच्या फाळणीविरुद्ध उठलेल्या शहराने जे चित्र मनाशी धरले, ते आज रवींद्रभारती सोसायटीच्या संग्रहाबरोबर कर्झनच्याच स्मारकात ठेवलेले आहे. अशी चित्रे नेहमी भिंतीवर नसतात. त्या दिवशी नव्हते. तिकिटाचे पैसे फुकट गेले असे सौभाग्यवतींनी म्हटले नाही, पण त्यांच्या मनात ते आले असावे.

बाहेरच्या ओवरीत पाऊस पुन्हा वाढण्याची वाट पाहावी तसे आम्ही बसलो होतो. एका दिवसात आम्ही वर्गणीची दोन कामे पाहिली होती. भारहुतच्या कठड्याला राजा होता, पण खांबाखांबावर नासिकच्या बाईचे, वऱ्हाडातल्या भिक्षुणीचे, कऱ्हाडच्या पेठेचे नाव लागले. या वास्तूलाही लाखो रुपये कोणी कोणी दिले. दुष्काळातून उठलेल्या मुलखातून दिले, काहींनी हौसेने, काहींनी कलेक्टरसाहेबांच्या नजरेखाली दिले असतील. आणि वास्तूस नाव लागले ते एका बाईचे, जिने हा देश कधी पाहिला नाही. दोन्ही कामे सुंदर आहेत. आम्ही त्यांची तुलना करणार नव्हतो, पण सौभाग्यवतींनी घुमटाकडे पाहत विचारले, “आणि इथे कऱ्हाडनं किती दिले असतील हो?” या प्रश्नाचे उत्तर असलेले खांब येथे नव्हते.

घरी पोहोचावयास रात्र झाली. जिन्याच्या दोन पायऱ्या पाण्याखाली होत्या. कोरडे कपडे घालून होताच सौभाग्यवतींनी माहेरी फोन लाविला. आमचे सासरे कऱ्हाडच्या पेठेतच एका दुकानात चाळीस वर्षे जमाखर्च लिहीत असत. आता डोळ्यांमुळे घरीच असतात. सारी हकीगत त्यांना सांगण्यात आली: स्तूप, कठडा, निगम, दोन अधिक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग पलीकडून त्यांचा आवाज आम्हांसही ऐकू आला.

“ते सगळं खरं गं,” अण्णा म्हणाले, “पण रक्कम लिहिलीय का?”

रक्कम लिहिलेली नाही.